सोमूर: शिकवणाऱ्यांची शाळा

फ्रान्समधल्या सोमूरचे नाव निघाले की घोडेस्वारीत रस असणाऱ्याला आधी आठवतात ते काळे कोट, त्यांवरची सोनेरी कलाबतू, डोक्यावरची दुटोकी टोपी आणि रिकिबी नसलेल्या खोगिरावर ताठ बसलेल्या स्वाराखाली मागचे दोन्ही पाय हवेत झाडणारा घोडा. ‘काद्र न्वार’, म्हणजे काळ्या पोशाखातला अध्यापकवर्ग, या नावाने हे स्वार जगभर ओळखले जातात. २०२५ साली त्यांची द्विशताब्दी साजरी झाली. त्या निमित्ताने आपल्या क्लबाच्या स्मरणिकेत या संस्थेचा इतिहास यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा. तो सांगताना मी प्रेक्षणीय कसरतींना थोडी कमी जागा देणार आहे. सोमूरची शाळा टाळ्यांसाठी उघडली नव्हती. घोड्यावर बसायला शिकवणारी माणसे कमी पडली म्हणून ती उघडली. पुढे राजे गेले, घोडदळ गेले, लष्करही बरेचसे बाजूला झाले; शिकवणारे घडवण्याचे काम मात्र तिथे चालूच राहिले. आपल्यासारख्या क्लबांनी त्या इतिहासात पाहावे ते हेच.

सोमूर हे ल्वार नदीकाठचे, पांढऱ्या दगडाच्या घरांचे छोटे शहर. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथला प्रोटेस्टंट सुभेदार द्युप्लेसी-मोर्ने याने विद्यापीठ काढले आणि त्याला जोडून घोडेस्वारीची शाळाही. चौदाव्या लुईच्या काळात प्रोटेस्टंटांवर गदा आली आणि १६८५ मध्ये ते विद्यापीठ बंद पडले. घोडे पुन्हा मोठ्या संख्येने आले ते १७६३ साली. सात वर्षांच्या युद्धात फ्रेंच घोडदळाचे पितळ उघडे पडले होते. मंत्री श्वाझल याने सुधारणा हाती घेतल्या आणि काराबिनिये नावाचे घोडदळाचे पथक सोमूरला आणून बसवले. शहराची आणि घोड्यांची गाठ तेव्हापासून पक्की झाली. त्याआधीच पॅरिसच्या त्विलरी राजवाड्याजवळच्या मानेजमध्ये, म्हणजे घोडेस्वारीच्या रिंगणात, शिकवणाऱ्या गेरिनिएरचा ग्रंथ १७३३ मध्ये पूर्णपणे छापून झाला होता. घोड्याचा खांदा किंचित आत घेऊन त्याला तिरपा चालवण्याचा जो व्यायाम आज ड्रेसाज शिकणारे प्रत्येक पोर करते, तो नीट मांडला त्याने. व्हिएन्नाची स्पॅनिश रायडिंग स्कूलही त्यालाच गुरुस्थानी मानते.

मग क्रांती झाली, राजाच्या पागा उधळल्या गेल्या. नेपोलियनने युरोपभर घोडदळ दौडवले. १८१२ च्या रशियन मोहिमेत घोडे हजारोंनी मेले, आणि त्यांच्याबरोबर जुने, मुरलेले स्वारही संपले. घोडे पुन्हा विकत घेता येतात. वीस वर्षे खोगिरावर काढलेला, नव्या रंगरुटाची मांड कुठे सुटते ते लांबून ओळखणारा हुद्देदार विकत मिळत नाही. गादीवर परतलेल्या अठराव्या लुईच्या हाती जे घोडदळ आले, त्यात शिकवणारे थोडे उरले होते आणि जे उरले ते आपापल्या तऱ्हेने शिकवत होते. डिसेंबर १८१४ च्या राजाज्ञेने सोमूरला शाळा निघाली ती याच दुखण्यावर उपाय म्हणून. ‘घोड्यावरील सैन्याच्या शिक्षणाची शाळा’ असे तिचे नाव. रेजिमेंटांनी आपले निवडक अधिकारी आणि हुद्देदार तिथे पाठवायचे, त्यांनी एकच पद्धत शिकायची आणि परत जाऊन आपल्या लोकांना तीच शिकवायची, अशी योजना. म्हणजे सोमूरचा पहिला विद्यार्थी हाच मुळी भावी शिक्षक होता.

या शाळेला राजकारणाचा फटका लवकरच बसला. १८२२ मध्ये जनरल बेर्तों याच्या राजाविरुद्धच्या कटात सोमूरचे नाव गोवले गेले आणि सरकारने शाळा बंद करून टाकली. १८२५ मध्ये दहाव्या शार्लच्या राजवटीत ती ‘शाही घोडदळ विद्यालय’ म्हणून पुन्हा उघडली. काद्र न्वारची दोनशे वर्षे मोजली जातात ती इथपासून. मुख्य अश्वशिक्षक म्हणून कोर्दिये आला. मानेजमध्ये शिकवायला मुलकी एक्युये घेण्यात आले. (एक्युये म्हणजे घोडाही घडवणारा आणि स्वारही घडवणारा उस्ताद.) लष्करी कवायत शिकवणारे निळ्या पोशाखात, मानेजचे उस्ताद काळ्यात, पुढे या वेगळेपणातूनच ‘काळे’ हे नाव रुळले. घोड्याच्या शरीररचनेचे पाठ होते, नालबंदीची शाळा होती. १८२८ मध्ये बेरीच्या डचेसच्या स्वागतासाठी पहिले कारूझेल झाले, म्हणजे घोडेस्वारांचे संगीतासह संचलन. ते आजही उन्हाळ्यात शहराच्या शार्दोने मैदानावर होते. १८३० च्या जुलै क्रांतीत व्हर्सायची राजेशाही अश्वशाळा कायमची मिटली, आणि दरबारी घोडेस्वारीचा जो काही वारसा उरला होता तो सोमूरच्या ओटीत पडला.

तो पडला तो भांडणासकट. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये घोडेस्वारीचे दोन पंथ एकमेकांसमोर उभे होते. एकीकडे फ्रांस्वा बोशे. हा सर्कशीच्या रिंगणात घोडे दाखवणारा माणूस, आणि अस्सल प्रतिभेचा. घोड्याला जागेवर उभा ठेवून आधी जबडा सैल करायचा, मग मान. घोड्याचा विरोध स्नायूगणिक काढून टाकायचा आणि मगच चाल मागायची, ही त्याची रीत. त्याने तयार केलेले घोडे पाहून लोक थक्क होत. दुसरीकडे काउंट दोर, व्हर्सायच्या शाळेत वाढलेला, उघड्या मैदानावर घोडा मोकळा पुढे पळवण्याचा पुरस्कर्ता. घोडा आधी पुढे गेला पाहिजे, बाकीचे नंतर, हा त्याचा हेका. दोघांच्या शिष्यांनी पॅरिसमध्ये पुस्तिका काढून एकमेकांवर तोंडसुख घेतले. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला लष्कराने बोशेची पद्धत अजमावून पाहिली आणि शेवटी नाकारली. त्यात दरबारी वजन होते, नमूरच्या ड्यूकची नापसंती होती, सर्कसवाल्याबद्दलची तुच्छताही होती. १८४७ मध्ये सोमूरचा मुख्य एक्युये म्हणून नेमणूक झाली ती दोरची.

हा निकाल बोशेवर अन्याय करणारा होता असे त्याचे चाहते आजही म्हणतात. एका अर्थी ते खरेही आहे. घोडा घडवण्यात बोशेचा हात दोरपेक्षा खोल असावा. पण शाळेपुढचा प्रश्न वेगळा होता. बोशेच्या हातात जे होत असे, ते त्याच्या पुस्तकातून शिकलेल्या दफेदाराच्या हातात होत नसे. अर्धवट कळलेली बोशे-पद्धत घोड्याची मान मोडून टाकी आणि त्याचा पुढे जाण्याचा हुरूपही मारी. दोरची पद्धत ओबडधोबड असेल, पण ती सामान्य स्वाराला काही महिन्यांत शिकवता येई, आणि तो स्वार ती पुढे दुसऱ्याला शिकवू शके. शिक्षक घडवणाऱ्या संस्थेला पद्धत निवडताना हा हिशेब करावाच लागतो.

या दोघांचाही शिष्य असलेला एक माणूस पुढे सोमूरचा मुख्य एक्युये झाला: आलेक्सिस लोत, १८६४ ते १८७०. त्याने स्वतःच्या घोड्यांवर बोशेकडून शिकलेली कला आयुष्यभर जपली, पण शाळेत शिकवताना दोरचीच वाट धरली. आपल्याला जे येते ते सगळे वर्गात ओतायचे नसते, समोरच्याला जे पेलेल तेवढेच द्यायचे, हा संयम फार थोड्या उस्तादांकडे असतो. आपल्याकडच्या गाण्याच्या तालमीत ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. लोत नंतर, १८७५ ते १८८०, संपूर्ण विद्यालयाचा प्रमुखही होता. सोमूरच्या इतिहासातला सर्वांत मोठा शिक्षक कोण, असे विचारले तर मी त्याचेच नाव घेईन.

आता त्या कसरतींबद्दल. कूर्बेतमध्ये घोडा पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर तोलतो. क्रूपादमध्ये पुढचे पाय जमिनीवर रोवून मागचे जोरात झाडतो. ही सोमूरची खास तऱ्हा. काब्रिओलमध्ये चारही पाय जमीन सोडतात आणि हवेतच मागची लाथ बसते. पाहणाऱ्याला हा खेळ वाटतो. शाळेत त्याचा उपयोग स्वाराची मांड तपासण्यासाठी होता. रिकीब नाही, हाताने धरायला काही नाही, आणि खालून घोडा उसळतो आहे. अशा वेळी ज्याची कंबर सैल आणि नजर समोर राहिली, तो पुढे रंगरुटाला ‘घट्ट धरू नकोस’ म्हणण्याचा अधिकारी. रिकिबींशिवाय तासन्तास दुडक्या चालीने बसणे हा इथल्या शिक्षणाचा पाया होता आणि अजूनही आहे. विद्यार्थ्यांनी एक्युयेंना ‘देव’ आणि मुख्य एक्युयेला ‘थोरला देव’ अशी टोपणनावे ठेवली, ती भक्तीपोटी की वैतागापोटी हे ज्याचे त्याने ठरवावे.

विसाव्या शतकात घोडेस्वारी हळूहळू खेळ होऊ लागली. १९०२ मध्ये फ्रेंच लष्कराने घोडदळाच्या घोड्यांची एक स्पर्धा भरवली. मानेजमधली शिस्त, लांब दौड आणि अडथळे या साऱ्यांत एकच घोडा नि एकच स्वार. आजच्या इव्हेंटिंगचे मूळ तिथे आहे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकपासून ड्रेसाज, जम्पिंग आणि इव्हेंटिंग हे तीन प्रकार ऑलिंपिकमध्ये स्थिरावले. त्याच सुमारास इटलीतून एक धक्का आला. फेदेरिको काप्रिली या घोडदळ अधिकाऱ्याने दाखवून दिले, की अडथळ्यावरून उडी घेताना स्वाराने मागे रेलण्याऐवजी पुढे झुकावे, रिकिबी आखूड कराव्यात आणि घोड्याची पाठ मोकळी सोडावी. आज हे इतके साधे वाटते की त्याआधी शेकडो वर्षे स्वार उडीवर मागे रेलत होते यावर विश्वास बसत नाही. १९०७ मध्ये काप्रिली घोड्यावरूनच पडून गेला; लिहून ठेवलेले फारसे काही मागे राहिले नाही.

सोमूरने हा बदल चटकन स्वीकारला असे म्हणता येणार नाही. गेरिनिएरचा वारसा सांगणाऱ्या शाळेला इटालियन पाठ घ्यायला वेळ लागला. तो नीट बसवला आंद्रे दांलू याने, जो १९२९ ते १९३३ मुख्य एक्युये होता. उडीच्या वेळी पाय कुठे, गुडघा कुठे, भार कशावर, याचे त्याने पायरीपायरीने शिकवता येईल असे शास्त्र केले आणि त्यासाठी गुडघ्याला टेकू देणारे खोगीरही बनवले. ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. काप्रिलीने शोध लावला. दांलूने त्याचा अभ्यासक्रम केला.

परदेशी अधिकारीही इथे येत. अमेरिकेचा जॉर्ज पॅटन, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात रणगाड्यांचा सेनापती म्हणून गाजला, पहिल्या महायुद्धाआधी सोमूरला तलवारबाजी शिकायला आला होता आणि परतल्यावर फोर्ट रायलीच्या अमेरिकी अश्वशाळेत त्याने ती शिकवली. दुसरा अमेरिकी, हॅरी चेंबरलिन, याने १९२० च्या दशकात आधी सोमूरला आणि मग इटलीत तोर दी क्विंतोला शिक्षण घेतले, दोन्हींचा मेळ घातला आणि आपल्या देशाच्या स्वारांना नवी पद्धत दिली. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये इव्हेंटिंगचे सांघिक सुवर्ण आणि जम्पिंगचे वैयक्तिक रौप्य त्याच्याकडे गेले. त्याच स्पर्धेत ड्रेसाजचे वैयक्तिक सुवर्ण सोमूरचा झाव्हिए लसाज याने ‘तेन’ या घोड्यावर मिळवले. सांघिक सुवर्णही फ्रान्सचेच. काही वर्षांनी लसाज मुख्य एक्युये झाला. एका ऑलिंपिकमध्ये सोमूरचा शिक्षक आणि सोमूरचा विद्यार्थी वेगवेगळ्या झेंड्यांखाली विजयमंचावर उभे होते.

जून १९४० बद्दल थोडे थांबून लिहायला हवे. पॅरिस पडले होते. १७ तारखेला नवा पंतप्रधान पेतां याने नभोवाणीवरून लढाई थांबवण्याची भाषा केली. सोमूरचा प्रमुख कर्नल मिशों याच्याकडे तेव्हा होते ते शिकाऊ अधिकारी, त्यांचे शिक्षक आणि आसपासच्या मोडलेल्या तुकड्यांतून गोळा झालेले सैनिक. एकूण अडीच हजारांच्या आत. शस्त्रे बरीचशी शिकवणीची. त्यांनी ल्वारचे पूल उडवले आणि सुमारे ४० किलोमीटरच्या काठावर १८ ते २० जून जर्मनांना अडवून धरले. समोर होती जर्मन सैन्याची पहिली घोडदळ डिव्हिजन. दोन्ही बाजूंना घोडदळाचे लोक, आणि घोडेस्वारीच्या शाळेतली पोरे पायी, बंदुका घेऊन लढत होती. बरीच मारली गेली. त्यांचा प्रतिकार पाहून जर्मन सेनापती फेल्ट याने पकडलेल्या कॅडेटना बंदिवासात न धाडता जाऊ दिले. २२ जूनला युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. लष्करी दृष्टीने या लढाईने काही बदलले नाही.

युद्धानंतर घोडदळाच्या जागी रणगाडे आले. सोमूरचे लष्करी विद्यालय चिलखती दलाचे झाले. सरकारी हिशेबनिसाच्या नजरेत काळे कोट आणि त्यांचे घोडे हा आता नुसता खर्च होता. काद्र न्वार वाचला तो दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे खेळ. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये फ्रान्सला अख्ख्या स्पर्धेत एकच सुवर्णपदक मिळाले, आणि ते जम्पिंगमध्ये पिएर जाँकेर दोरिओला या मुलकी स्वाराने आणले. द गॉलच्या सरकारला खेळांतली ही दुर्दशा फार झोंबली होती. दुसरी गोष्ट म्हणजे कायदा. १९६३ साली फ्रान्सने कायदा केला की पैसे घेऊन खेळ शिकवायचा तर सरकारमान्य पदविका हवी. घोडेस्वारी त्यात आलीच. आता देशभर क्लब निघत होते, शहरी मध्यमवर्गातली मुले पोनींवर बसू लागली होती, आणि या सगळ्यांना शिकवायला पदविकाधारक प्रशिक्षक हवे होते. ते कोण तयार करणार? ज्या शाळेने दीडशे वर्षे हेच केले होते, तिचे नाव पुढे आले.

१९७२ मध्ये राष्ट्रीय घोडेस्वारी विद्यालय स्थापन झाले, संरक्षण खात्याच्या नव्हे तर युवक व क्रीडा खात्याच्या हाताखाली. काद्र न्वार त्याचा अध्यापकवर्ग झाला. लष्करी एक्युये राहिले, त्यांच्या जोडीला मुलकी एक्युये आले. शहराबाहेर तेरफोरच्या पठारावर नवे आवार उभारले गेले. १९८४ मध्ये शाळा तिथे पूर्णपणे गेली. शेकडो घोड्यांचे तबेले, बंदिस्त मानेज, अडथळ्यांची मैदाने, रानातून सुमारे ५० किलोमीटर वाटा. एवढा विस्तार युरोपातही विरळा. त्याच वर्षी काद्र न्वारमध्ये पहिल्यांदा स्त्रिया आल्या. १९५२ पासून ऑलिंपिकच्या ड्रेसाजमध्ये स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने उतरत होत्या आणि पदकेही घेत होत्या. सोमूरला हे उमजायला आणखी बत्तीस वर्षे लागली. फ्रेंच अश्वारोहण महासंघाच्या सहा लाखांहून अधिक सदस्यांत आज मुली आणि स्त्रियाच ऐंशी टक्क्यांहून जास्त आहेत, हे लक्षात घेतले तर हा उशीर संस्थेला शोभणारा नव्हता, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता प्रशिक्षक होण्याची आजची वाट. ही मी जरा तपशिलाने सांगतो, कारण आपल्याकडच्या तरुण स्वारांना तिची नीट कल्पना नसते. फ्रान्समध्ये शिकणाऱ्याची प्रगती ‘गालो’ नावाच्या सात पायऱ्यांनी मोजली जाते. त्यांत घोड्याचा खरारा, खोगीर कसणे, चारा, आजाराची लक्षणे हेही तपासतात, नुसती स्वारी नव्हे. शिकवायचे असेल त्याने या पायऱ्या चढून बरेच पुढे आलेले असावे लागते. पूर्वी सरकारी पदविकेचे तीन दर्जे होते. ते जाऊन आता नव्या पदविका आल्या आहेत. पहिली ‘बेपेजेप्स’: क्लबात मुलांना, नवशिक्यांना सुरक्षितपणे शिकवता यावे यासाठी. प्रवेशाआधीच स्वारीची चाचणी आणि प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र लागते. तिच्या वरची ‘देजेप्स’ ही स्पर्धात्मक प्रकारांसाठी. इथे उमेदवार आपला प्रकार निवडतो, जम्पिंग, ड्रेसाज किंवा इव्हेंटिंग, आणि अभ्यास १२०० तासांचा, त्यातले ७०० शिक्षणकेंद्रात, उरलेले प्रत्यक्ष एखाद्या क्लबात मार्गदर्शकाच्या हाताखाली. सर्वांत वर ‘देसजेप्स’: उच्च दर्जाचे स्पर्धक घडवणाऱ्यांसाठी आणि प्रशिक्षकांना शिकवणाऱ्यांसाठी.

क्लबातला हा काळ मला फार महत्त्वाचा वाटतो. देजेप्सच्या उमेदवाराला त्या क्लबाच्या गरजेतून एक प्रकल्प आखावा लागतो, तो राबवून दाखवावा लागतो आणि परीक्षकांपुढे त्याचा खुलासा करावा लागतो. स्पर्धकांचे वर्षभराचे वेळापत्रक, घोड्यांवरचा भार, पैसा, पालकांशी बोलणे, सारे त्यात येते. शिकवणीच्या परीक्षेत तो स्वतः कसा बसतो एवढेच पाहत नाहीत. समोरची जोडी पाहून त्याने दोष ओळखायचा, त्यावर व्यायाम निवडायचा, तो करवून घ्यायचा आणि नंतर आपण हाच व्यायाम का निवडला ते सांगायचे. इथेच भले भले अडखळतात. घोडा उजव्या हाताला वळताना आखडतो हे बरेच जण पाहतात. तो स्वाराच्या डाव्या नितंबामुळे आखडतो, हे ज्याला दिसते आणि ते बारा वर्षांच्या मुलीला रडू न आणता सांगता येते, तो पास.

ही शेवटची गोष्ट सोमूरलाही नव्याने शिकावी लागली. रंगरुटावर ओरडून चालत असे. तो नोकरीला बांधलेला होता. क्लबातली मुलगी पुढच्या आठवड्यात टेनिसला निघून जाईल. शिवाय भेदरलेली मुले घोड्यालाही भेदरवतात. म्हणून नव्या अभ्यासक्रमांत खेळातून शिकवणे, मुलांचे वय ओळखणे, भीती हाताळणे यांना जागा आली. जुन्या वळणाच्या काहींना ही ढिलाई वाटली. मला ती लोतने घालून दिलेल्या वाटेचीच पुढची पायरी वाटते.

पदविका घेतल्यावर व्यावसायिक ओळखपत्र घ्यावे लागते, दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण होते, आणि उमेदवारावर गंभीर गुन्हे नाहीत याची सरकार खातरजमा करते. पदविका नसताना पैसे घेऊन शिकवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद आणि १५,००० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. मुले आणि अर्ध्या टनाचे जनावर एकत्र आणणाऱ्या धंद्यात एवढी कडक भूमिका वाजवी आहे.

आता १९८४ नंतरचा संस्थेचा इतिहास थोडक्यात. २०१० मध्ये विद्यालय आणि राष्ट्रीय अश्वपैदास केंद्रे यांचे विलीनीकरण होऊन फ्रेंच अश्व व अश्वारोहण संस्था झाली. २०११ मध्ये ‘फ्रेंच परंपरेतली घोडेस्वारी’ युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. या यादीने सोमूरचे नाव आणि तिकिटांची विक्री दोन्ही वाढली असेल, पण मला त्याहून अधिक समाधान २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचे वाटते. तिथे इव्हेंटिंगचे सांघिक सुवर्ण जिंकणाऱ्या फ्रेंच संघात काद्र न्वारचा एक्युये तिबो व्हालेत होता. वर्गात शिकवणारा माणूस आजही मैदानात उतरतो, हा त्याचा अर्थ. २०२४ च्या ऑलिंपिकमधली घोडेस्वारी तर व्हर्साय राजवाड्याच्या बागेतच झाली.

आपल्याकडे काय आहे? खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत कॅडेटना घोड्यावर बसायला शिकवतात. १९५३ मध्ये उभे राहिलेल्या ६१ कॅव्हलरीत ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे लान्सर विलीन झाले होते; त्याच रेजिमेंटच्या रघुबीर सिंगने १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत इव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण जिंकले. पुण्या-मुंबईच्या क्लबांत आजही शिकवतात ते बहुतेक लष्करातून निवृत्त झालेले स्वार. त्यांची मांड, शिस्त आणि घोड्याची जाण यांना तोड नाही. आपल्या क्लबाचा पाया त्यांनीच घातला, आणि त्यांच्याविषयी कृतज्ञतेखेरीज काही लिहिण्याचा माझा हेतू नाही. पण हा झरा आटत चालला आहे. घोडदळात नवे स्वार पूर्वीसारखे तयार होत नाहीत, आणि पगारी शिकवणीसाठी पदविकेची सक्ती करणारा कायदा आपल्याकडे नाही. घोड्यावर चांगला बसणारा कुणीही उद्यापासून ‘कोच’ म्हणून उभा राहू शकतो. ४१ वर्षांनी, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत अश्वारोहणाचे सुवर्ण पुन्हा भारताकडे आले, ड्रेसाजच्या सांघिक प्रकारात. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा आणि इंदूरची सुदीप्ती हजेला होती. संघातले चौघेही स्वार युरोपात राहून, तिथल्या प्रशिक्षकांकडे तयार झाले होते. ज्याच्या घरी ती ऐपत नाही, त्या मुलाने काय करायचे?

आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाने प्रशिक्षकांसाठी तीन पायऱ्यांचा शिक्षणक्रम आखला आहे आणि तो राष्ट्रीय महासंघांमार्फत देशोदेशी चालतो. सोमूरला जाणे सगळ्यांना शक्य नाही; पहिली पायरी चढणे अवघड नाही. कार्यकारिणीला म्हणून एवढीच विनंती: येत्या अंदाजपत्रकात नवा घोडा घेण्याआधी आपल्या दोन तरुण शिक्षकांच्या अशा अभ्यासक्रमाची फी, प्रथमोपचाराच्या वर्गाचा खर्च आणि त्या काळातला त्यांचा पगार बाजूला काढावा. आणि पालकांनी मुलाचे नाव घालताना घोड्याची जात विचारण्याआधी शिकवणाऱ्याने शिकवण्याचे शिक्षण कुठे घेतले, ते विचारावे.